टेकाडावरचा आकडा

ईश्वरदासानं पहिलं खोटं सांगितलं ते नोकरीच्या पहिल्याच दिवशी, कॅन्टीनमध्ये चहा पिताना. कोणीतरी सहज विचारलं, "वडील काय करतात?" आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "खाप्याला कापडाची पेढी आहे आमची."

पेढी! अहो, कुठली पेढी आणि कुठलं काय! खाप्याच्या कोष्टीपुऱ्यात, कन्हान नदीकडच्या उताराला, दोन खोल्यांचं घर. त्यातल्या एका खोलीत मागाचा खड्डा. त्या खड्ड्यात पाय सोडून त्याचे वडील नानाजी उजाडल्यापासून सुताचा धोटा इकडून तिकडे फेकायचे, आणि माय मैनाबाई शेजारी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. त्या धोट्यावर आणि त्या कांड्यांवर हा रेडिओचा डिप्लोमा झाला आणि नागपुरात रेडिओचे खांब उभारणाऱ्या सरकारी ऑफिसात टेक्निशियन म्हणून लागला. आणि बापाचं नाव सांगायची वेळ आली तर जीभ अडखळली.

माणूस वाईट नव्हता हो. महिन्यातून एकदा खाप्याला जायचा, बापाच्या डोळ्यांचे थेंब, मायच्या गुडघ्याचं तेल घेऊन जायचा. फक्त ऑफिसातला कोणी "चल गा, मीही येतो तुह्यासंगं" म्हणाला की हा काहीतरी सबब सांगून एकटाच सटकायचा. खोटं एकदा बोललं की त्याला पोसावं लागतं. बारा वर्षांत त्या पेढीला गादी आली, तक्के आले, एकदा तर बोलता बोलता ह्यानं तिथं मुनीमही बसवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण बारा बारा वर्षं मूठ झाकून ठेवली तर हाताला कळ लागणार नाही?

शहाऐंशीच्या हिवाळ्यात ऑफिसात एफ.एम.च्या नव्या खांबाचं काम आलं. खांब कुठं उभारायचा ते ठरवायला वामनरावसाहेब निघाले, आणि गाडीत मीटर सांभाळायला ईश्वरदास. वामनराव गुडघ्यानं अधू, पण कामाला कडक. गाडी हाकणारे मारोतराव होते तोंडाचे मोकळे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, एवढं मोठं नागपूर पडलं आहे, मग खांबासाठी टेकड्या काहून हुडकून राहिलो आपण?"

"मारोतराव, जुना रेडिओ जमिनीला धरून सरपटत येतो, खोऱ्यात उतरतो, नाल्यात उतरतो. ही नवी लहर सरळ जाते, माणसाच्या नजरेसारखी. खांबाच्या शेंड्यावर चढून ज्या घराचं छप्पर दिसेल, त्या घराला ऐकू येईल. मध्ये उंचवटा आला की त्याच्या मागचे बसले मुके."

"मग सगळ्यात उंच टेकडी घ्या न!"

"घेतली. आता वर वीज कुठून आणता? सडक? प्यायला पाणी? विमानाच्या वाटेत तर येत नाही ना, तेही बघायचं. नुसत्या उंचीनं काम भागत नाही."

दोन टेकड्या नजरेत होत्या. एक शहराजवळची, बुटकी. पण सडक होती, विजेची तार पायथ्याशी होती. दुसरी कळमेश्वरच्या अंगाला, चांगली उंच. पण तिच्यावर गुराख्याशिवाय कोणी चढत नव्हतं. साहजिकच वरच्यांचा ओढा जवळच्या टेकडीकडे. तिच्यावर एक तात्पुरता खांब लावून दिला आणि ही गाडी गावोगाव मोजत निघाली. अकरा वस्त्या मोजायच्या होत्या. साहेबांचा दंडक एकच, प्रत्येक गावात सगळ्यात खोलगट वस्तीत उतरून मोजायचं. "टेकाडावर तर कोणाचाही रेडिओ गातो," ते म्हणायचे. अकरातली एक जरी वस्ती नापास झाली तर जवळची टेकडी रद्द, कळमेश्वरची घ्यायची.

नववं नाव खाप्याचं होतं. आणि खाप्यातली सगळ्यात खोलगट वस्ती म्हणजे कोष्टीपुरा. घ्या!

यादी वाचून साहेब खूष झाले. "अरे ईश्वरदास, हे तर तुझं गाव! मोजणी झाली की तुझ्या वडिलांच्या पेढीवर चहा घेऊ." ईश्वरदास हसला. त्या दिवशी घरी गेल्यावर पुष्पलतेनं, त्याच्या बायकोनं, पोह्यांची बशी पुढं ठेवली तर ती तशीच राहिली.

तिकडे नगरपालिकेला पत्र गेलं होतं आणि पालिकेनं दवंडी पिटली होती, की गुरुवारी दहा वाजता रेडिओची गाडी येणार, कोष्टीपुऱ्याच्या चौकात मोजणी होणार. कोष्टीपुऱ्याला आनंद झाला तो उगाच नाही. मागावर बसलेल्या माणसाचे हातपाय गुंतलेले आणि डोळे सुतात. मोकळे असतात ते कान. रेडिओ हाच त्याचा सोबती. पण पलीकडच्या मोहल्ल्यात पॉवरलूम लागले आणि त्यांच्या मोटारींनी जुन्या रेडिओचा भुगा केला. दिवसभर नुसती खर्रर्र. ईश्वरदासानंच मागे सांगितलं होतं, नवा रेडिओ आला की ही खरखर बंद. तेव्हापासून नानाजी त्या नव्या रेडिओची वाट पाहत होते, आणि आता तर त्यांचा स्वतःचा पोरगा गाडीतून येणार होता.

गुरुवारी गाडी नाक्यावर थांबली. नाका उंचावर आहे, तिथून कोष्टीपुऱ्याची उतरती वाट लागते. ईश्वरदासानं घसा साफ केला. "साहेब, वडील बाहेरगावी गेलेत. पेढी बंद आहे. आणि खाली गाडी जात नाही, वाट अरुंद आहे. तुमचा गुडघा… तुम्ही बसा. मी लहान मीटर घेऊन जातो, आकडा आणतो."

वामनरावांनी एकदा उताराकडे पाहिलं, एकदा गुडघ्याकडे. "जा बाबा. तुझंच गाव आहे. पण चौकात उभा राहून घे हं."

मीटर खांद्याला लावून तो उतरला. गल्लीच्या तोंडाशी गेला आणि थबकला.

अख्खी गल्ली शेणानं सारवलेली. दारोदार रांगोळ्या. माग बंद. एरवी सकाळी गल्लीभर ताणे ताणलेले असतात. उभं सूत लांबच लांब ताणायचं, त्याला खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत वाळवायचं, त्याला पाजणी म्हणतात. त्या दिवशी गाडीसाठी सगळ्यांनी ताणे उचलले होते, फक्त एक राहिला होता. रामाजीकाकांनी पहाटेच पाजणी धरली होती, दहाच्या आत उरकेल म्हणून. पण आभाळ आलं, खळ वाळेना. ओला ताणा मध्येच उचलला तर धागे चिकटून अख्ख्या महिन्याचं सूत मातीत जातं. म्हणून म्हातारा चार जणांना घेऊन घाईघाईनं कुंचा फिरवत होता. बाजूनं माणूस जायला हातभर वाट होती. आणि चौकात नानाजी उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, हातात सुताचा हार. साहेबासाठी.

आता काय होणार ते ईश्वरदासाला लख्ख दिसलं. आपण चौकात गेलो की अख्खी गल्ली धावत येणार. आणि साहेब कुठे आहेत म्हणून हार घेऊन नानाजी थेट नाक्यावर चढणार. "मी ईश्वरचा बाप, साहेब." बारा वर्षांची पेढी, गादी, तक्के, मुनीम, सगळं त्या सुताच्या हारापुढं उघडं पडणार.

अरे भल्या माणसा, पडू दे की! काय बिघडलं असतं? साहेब दोन दिवस हसले असते, तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण लाज शहाणपण विचारून येत नाही. कोणी पाहण्याआधीच तो मागे फिरला. वळणाआड, नाक्याच्या अलीकडच्या टेकाडावर चढला, मीटरची दांडी वर केली आणि तिथला आकडा लिहून घेतला. उत्तम आकडा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. "कोष्टीपुरा चौक", त्यानं आकड्यापुढं लिहिलं आणि खाली सही केली.

"पास?" साहेबांनी विचारलं.

"पास."

पुढच्या आठवड्यात तो घरी गेला तेव्हा नानाजींनी विचारलं, "काहून आली नाही गा गाडी? अख्खी गल्ली उभी होती दुपारलोक." तेव्हा ह्याच्या तोंडून निघून गेलं, "बापू, आलो होतो. गल्लीत ताणा लागला होता न. गाडी शिरली नाही, साहेब वळणावरूनच परत फिरले." बोलला आणि विसरला. बोलणाऱ्याचं बरं असतं.

अकरापैकी अकरा वस्त्या पास झाल्या. जवळच्या टेकडीवर खांब उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास नवा रेडिओ सुरू झाला.

ईश्वरदासानं मनाची समजूत घातली होती, की कोष्टीपुऱ्यात अगदीच काही येणार नाही असं थोडंच आहे? कमी येईल, पण येईल. नवा सेट घेऊन तो खाप्याला गेला. नानाजींनी सेटला हळदकुंकू लावलं. दारात गल्ली जमली, बाया ओसरीवर, पोरं खिडकीला लोंबकळलेली. त्यानं बटण फिरवलं. सूंऽऽऽ. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, दांडी लांब केली. सूंऽऽऽ. दुसरं काही नाही.

नानाजींना वाटलं, आपले कान गेले. त्यांनी सेट कानाला लावला. मग म्हणाले, "थांबा, जरा वर नेऊन पाहतो." नाक्यावर नेला तर काय, खणखणीत गाणं! टेकाड उतरून खाली आले की पुन्हा सूं. तीनदा चढले, तीनदा उतरले म्हातारे. धापा टाकत ओसरीवर बसले आणि म्हणाले, "वर गाते, खाली नाही गात. असं काहून गा, ईश्वर?"

ईश्वरदास मेल्याहून मेला. उत्तर त्याला पाठ होतं. त्याच्याआधी गर्दीतला एक जण बोलला, "काहून म्हणजे? त्या दिवशी गाडी आली असती तर साहेबाले समजलं असतं न, इथं येत नाही म्हणून! त्या रामाजीच्या ताण्यानं वाटोळं केलं गल्लीचं." माना हलल्या. वर्षभर तो यायचा आणि घरातल्या घरात बसून परत जायचा; आता कुठं त्याच्या ध्यानात आलं, की जमलेल्या माणसांत रामाजीकाका नाहीत.

संध्याकाळी त्यानं मायला विचारलं. मैनाबाई चुलीत फुंकर घालत म्हणाली, "कोणी बोलत नाही त्यायच्याशी. वर्ष होत आलं. पाजणीले हात नाही लावत कोणी."

हे काय ते कोष्ट्यालाच कळतं. पाजणी दोन माणसांचं काम नाही. ताणा ताणायला चार, कुंचा फिरवायला चार, तुटला धागा सांधायला आणखी. आज तुमचा ताणा, उद्या माझा. कोणाला बोलवावं लागत नाही, ताणा दिसला की माणूस कुंचा घेऊन येतो. गल्लीनं रामाजीला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त कुंचे खाली ठेवले.

सकाळी ईश्वरदासानं ते डोळ्यांनी पाहिलं. सत्तरीचे रामाजीकाका ताण्याच्या एका अंगाला, रंभाबाई काकू दुसऱ्या अंगाला. ती कुंचा फिरवायची, मग कमरेवर हात देऊन तुटलेला धागा शोधायची. माणसं बाजूनं जात होती, येत होती. नानाजीही गेले. मान खाली घालून गेले, पण गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलेली, आणि चोर ओसरीवर बसून मायच्या हातचा चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी नागपूरला येऊन तो सरळ वामनरावांच्या खोलीत गेला. "साहेब, खाप्याचा आकडा खोटा आहे. मी चौकात उतरलो नाही. टेकाडावरून घेतला." मनात एक वेडी आशा होती, की साहेब रागावतील पण काहीतरी करतील.

वामनरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आणि आता सांगतोस? खांब उभा राहिल्यावर? आता टेकडी बदलता येते होय रे?" त्यांचा आवाज चढला नाही, तेच जड गेलं. "दहा गावं मी स्वतः उतरून मोजली, हा गुडघा घेऊन. एक तुझ्यावर सोडलं, तुझं म्हणून." काय कारवाई व्हायची ती होईल, जा, एवढंच ते पुढं बोलले. का केलंस, ते त्यांनी विचारलं नाही.

म्हणजे रेडिओ तर गेला. तो आता येत नाही. पण रामाजीकाकांच्या ताण्याला हात मिळू शकत होते, आणि ते फक्त ईश्वरदासाच्या जिभेवर होतं. आठवडाभर तो तडफडला. रविवारी पहिल्या गाडीनं खाप्याला गेला आणि घरी न जाता रामाजीकाकांच्या दारात उभा राहिला. म्हातारा सूत उलगडत होता.

"काका, गाडी तुमच्या ताण्यानं परत नाही गेली. मी खोटं सांगतलं. मी एकटा आलो होतो, पायी. तोंडाशी आलो अन् मागं फिरलो. साहेब तर नाक्यावरच बसले होते."

रामाजींनी मान वर केली. आता हा माणूस धरून मारेल असं ईश्वरदासाला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर राग नव्हता. हातातलं सूत त्यांनी खाली ठेवलं.

"म्हणजे माह्या ताण्यापायी नाही?"

"नाही काका."

"मी वर्षभर म्हणून राहिलो, रामाजी, सत्तर वर्ष जगला अन् गल्लीचं नुकसान करून बसला. रंभेले म्हटलं, लोकायचं काही चुकत नाही, आपलंच चुकलं." त्यांनी डोळे पुसले. "पुन्हा सांग. मोठ्यानं सांग. रंभा आतमंदी आहे, तिले ऐकू दे."

ईश्वरदासानं पुन्हा सांगितलं. रंभाबाई बाहेर आली. ती काही रामाजींसारखी मऊ नव्हती. ऐकलं, पदर खोचला आणि म्हणाली, "आमच्या दारात काय सांगतं रे? आम्ही का आमच्याशी बोलनं सोडलं होतं? जाय तिकडं सांग. एकोणीस घरं आहेत."

आणि तो गेला. दार वाजवायचा, माणूस बाहेर आला की तेच वाक्य. "गाडी माझ्यामुळं आली नाही. रामाजीकाकांचा ताणा आड आला नव्हता. मी खोटं सांगितलं." ऑफिसातली भाषा तोंडात आली होती, कोणी तिकडं लक्ष दिलं नाही. कोणी तोंडावर दार लावलं. एक जण थुंकला. एका आजीबाईनं काही न कळून पाणी विचारलं, ते सगळ्यात जास्त लागलं. पाचव्या-सहाव्या घरानंतर मागं वळून पाहिलं तर दोन माणसं कुंचे घेऊन रामाजीकाकांच्या दाराकडं निघाली होती.

एकोणिसावं घर स्वतःचं. गल्लीत बातमी माणसाच्या पुढं धावते. नानाजींना सगळं कळलेलं होतं. माग बंद होता. ते खड्ड्यातच पाय सोडून बसले होते, धोटा मांडीवर. मैनाबाई चरख्याशी, पण चरखा फिरत नव्हता.

ईश्वरदासानं तेच वाक्य इथंही म्हटलं.

नानाजींनी ऐकून घेतलं. अठरा घरांनी ऐकून घेतलं होतं, पण एकानंही विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"काहून?"

धरणी दुभंगली तर बरं, असं माणसं म्हणतात. ती दुभंगत नाही, सारवलेली ओली जमीन तशीच राहते.

"काहून फिरला गा मागं? तोंडाशी तर आला होतास. मी दिसलो नाही तुले?"

"दिसले, बापू."

"मग?"

"साहेबाले मी सांगतलं होतं, आपली पेढी आहे. तुम्ही हार घेऊन उभे होते…" त्यानं बापाकडे पाहिलं. "बापू, मले तुमची लाज वाटली."

मैनाबाईच्या हातातली कांडी खाली पडली. तिनं ती उचलली नाही. नानाजींनी धोटा उचलून उगाच उलटा करून पाहिला, त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. बाहेर रामाजीकाकांच्या दाराशी ताणा ताणायला लागले होते, माणसांचे आवाज येत होते, कोणीतरी "धर गा, धर" म्हणून ओरडत होतं. नानाजी हाताचा टेकू देऊन खड्ड्यातून वर आले. कोपऱ्यातला कुंचा घेतला. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"हे बी सांगतलं का दारोदार?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं. "लाज वाटली म्हणून?"

"नाही बापू. गाडीचं तेवढंच सांगतलं."

"बरं केलं," नानाजी म्हणाले. "ते नको सांगू कोणाले."